कष्टाची भाकर : ज्याला परवडते त्यानेही इथे जेवावे

पुण्यात भुकेच्या प्रश्नावर काही मदत करावी असे मनात आले, की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. ओळखीच्या एखाद्या संस्थेला देणगी देतात, नाहीतर वाढदिवसाला, पितृपक्षात किंवा आईवडिलांच्या स्मृतिदिनी एखाद्या आश्रमात जेवण घालतात. दोन्ही चांगल्याच गोष्टी आहेत आणि त्या थांबू नयेत. परंतु हमाल पंचायत या हमालांच्या संघटनेच्या ‘कष्टाची भाकर’ या स्वस्त जेवणाच्या उपक्रमाकडे ग्राहक म्हणून पाहू लागल्यापासून माझे असे ठाम मत झाले आहे, की या शहरात कष्टकऱ्याच्या पोटापर्यंत पोचणारी याहून स्वच्छ व्यवस्था क्वचितच असेल, आणि तिला हातभार लावायचा तर पहिले काम म्हणजे तिथे जाऊन, पैसे मोजून, इतरांच्या शेजारी बसून जेवणे. म्हणून या परीक्षणात पानात वाढलेल्या अन्नाविषयी जितके लिहिले आहे, तितकेच ते अन्न ज्या हिशोबातून येते त्याविषयीही लिहिले आहे.

आधी थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण त्याशिवाय इथला जेवणाचा बेत आणि दर यांचा अर्थ लागत नाही. पुण्याचा भुसार बाजार पूर्वी नाना पेठ आणि भवानी पेठेत होता. धान्याची, गुळाची, मिरचीची पोती पाठीवरून वाहणारे हमाल तिथल्या गाळ्यांवर दिवसभर राबत. पोते शंभर किलोचे असे. ते पन्नास किलोवर यावे यासाठी पुढे किती वर्षे भांडावे लागले, हे बाजारातील जुनी माणसे अजून सांगतात. याच भागात दवाखाना चालवणाऱ्या डॉ. बाबा आढाव यांनी १९५०च्या दशकात हमालांना संघटित करून हमाल पंचायत उभी केली. हमालांना भविष्य निर्वाह निधी, रजा आणि नुकसानभरपाई यांचा हक्क देणारा माथाडी कायदा १९६९मध्ये झाला, त्यामागे राज्यभरातील अशा संघटनांचा रेटा होता. बाबांनी ‘एक गाव एक पाणवठा’ या चळवळीसाठी गावोगाव पायपीट केली, हेही इथे आठवले पाहिजे. पाणवठ्यावरच्या जातीच्या भिंतीविरुद्ध लढणाऱ्या माणसाने सुरू केलेल्या स्वयंपाकघरात भाकरी कोणी थापली आणि शेजारच्या पानावर कोण बसले आहे, याची विचारपूस होत नाही.

‘कष्टाची भाकर’ १९७४मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र तेव्हा १९७२च्या दुष्काळातून नुकता बाहेर येत होता. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडणाऱ्यांना सुकडी हा पौष्टिक पिठाचा खाऊ मिळत होता, रेशनवर मिलो ही परदेशी ज्वारी येत होती आणि पोटासाठी गाव सोडून आलेली माणसे पुण्याच्या बाजारात भरत होती. घरदार गावाकडे आणि आपण एकटे शहरात, अशा माणसाला दुपारचे पोटभर जेवण परवडेल अशी जागा हवी होती. हमाल पंचायतीने ती स्वतः निर्माण केली. या उपक्रमाचे मला सर्वांत मोठे वाटणारे वैशिष्ट्य यातच आहे : ज्यांना भूक लागत होती त्यांच्याच संघटनेने स्वयंपाकघर काढले. कोणी त्यांच्यासाठी काढून दिले नाही. डिसेंबर २०२५मध्ये बाबा वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी गेले, तेव्हा या स्वयंपाकघराने पन्नाशी ओलांडली होती.

आता अन्नाविषयी. झुणका आणि ज्वारीची भाकरी ही इथली ओळख आहे, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने तेच मागवावे. भाकरी हाताने थापलेली, कडेने जाडसर आणि मध्ये फुगलेली असते. ती तव्यावरून आल्या आल्या मोडली तर पापुद्रा सुटतो. झुणका कोरडा असतो, पिठल्यासारखा पळीवाढा नव्हे, त्यामुळे भाकरीच्या तुकड्यात तो नीट धरता येतो. बरोबर ठेचा आणि कांदा असला की आणखी कशाची आठवण होत नाही. चपाती-भाजी आणि वरण-भात खाणाऱ्यांचीही सोय असते, पण माझ्या मते हे स्वयंपाकघर भाकरीसाठीच नावाजले जावे. हॉटेलांमधून ‘गावरान थाळी’ या नावाखाली जे मिळते, त्यात तेलाचा तवंग आणि लोण्याचा गोळा यांनी मूळ चव झाकून टाकलेली असते. इथे बेसनाचा आणि ज्वारीचा वास जिभेपर्यंत पोचतो.

या जेवणाची निवड केवळ स्वस्ताईसाठी झालेली नाही, हेही समजून घेण्यासारखे आहे. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण दहा ग्रॅम प्रथिने असतात, बेसनात त्याच्या दुपटीहून अधिक. ज्वारीच्या प्रथिनात लायसीन हे अमिनो आम्ल कमी असते आणि हरभऱ्यात ते भरपूर असते. हरभऱ्यात जे मेथिओनिन कमी पडते ते धान्यातून मिळते. दोन्ही एकत्र खाल्ले, की अंगमेहनत करणाऱ्याला दूध-अंडी परवडत नसतानाही बऱ्यापैकी पूर्ण प्रथिन मिळते. दिवसभर ओझी उचलणाऱ्या माणसाला चहा आणि पाव यांवर काढलेल्या दुपारीपेक्षा हे जेवण किती वेगळे आहे, ते सांगायला आहारतज्ज्ञाची गरज नाही. तरीही मी हा हिशोब मुद्दाम मांडला, कारण गरिबांना जेवण देताना पोट भरले की झाले, असे मानण्याची आपली सवय फार जुनी आहे. शिळा भात, उरलेल्या पुऱ्या, बुंदीचे लाडू यांनी पोट भरते. त्यावर उद्याची पोती उचलता येत नाहीत.

दर हा या परीक्षणाचा गाभा आहे. ‘कष्टाची भाकर’ ना नफा ना तोटा या तत्त्वावर चालते. सरकारचे अनुदान नाही, देणगीदाराच्या नावाची पाटी नाही. धान्य, इंधन आणि स्वयंपाक करणाऱ्या महिलांचा पगार असा जो खर्च येतो, तो जेवणाऱ्यांमध्ये वाटला जातो आणि तरीही किंमत आसपासच्या खाणावळींपेक्षा कमी राहते. ती कमी राहण्याची कारणे गूढ नाहीत. जाहिरात नाही, सजावट नाही, मालकाचा नफा नाही आणि मोठ्या प्रमाणावर एकत्र स्वयंपाक होतो. भाकऱ्या थापणाऱ्या महिला इथे नोकरी करतात. त्यांच्या रोजीला कात्री लावून थाळी स्वस्त केलेली नाही, ही गोष्ट मला चवीइतकीच महत्त्वाची वाटते. एका गरिबाला स्वस्त जेवण देण्यासाठी दुसऱ्या गरिबाला अर्ध्या पगारावर राबवणाऱ्या स्वयंपाकघराला मी चांगले म्हणणार नाही.

इथे सरकारी योजनांशी तुलना केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९९५मध्ये राज्यात आलेल्या युती सरकारने एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रे काढली होती. मोक्याच्या जागा दिल्या गेल्या, काही काळ केंद्रे चाललीही. पण एक रुपयात खर्च भागणे शक्य नव्हते आणि अनुदानाचा आधार सुटताच कित्येक ठिकाणी त्याच टपऱ्यांवर वडापाव आणि चायनीज मिळू लागले. पुढे २६ जानेवारी २०२० रोजी शिवभोजन थाळी आली. दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी ही थाळी ग्राहकाला दहा रुपयांत मिळू लागली आणि शहरी भागात प्रत्येक थाळीमागे केंद्रचालकाला सरकारकडून चाळीस रुपये मिळतील असे ठरले. टाळेबंदीच्या काळात तिचा दर पाच रुपये झाला आणि २०२१मध्ये काही महिने ती मोफतही दिली गेली. त्या दिवसांत शहरात अडकलेल्या मजुरांना या थाळीने तारले, हे मनापासून मान्य केले पाहिजे. पण अनुदानाची रक्कम थकल्याच्या बातम्या अधूनमधून येत राहिल्या, आणि अनुदान थकले की केंद्रचालक आधी भाजी पातळ करतो आणि मग केंद्र बंद करतो. दात्यावर, मग तो दाता सरकार का असेना, पूर्णपणे अवलंबून असलेल्या अन्नाची ही अडचण आहे. जेवणाऱ्याच्या पैशावर चालणारे स्वयंपाकघर सरकार बदलले तरी चालू राहते, आणि याचा पुरावा पन्नास वर्षे पुण्यात उभा आहे.

या फरकातूनच मी शीर्षकात केलेली सूचना निघते. शिवभोजनाच्या केंद्राला दिवसाच्या थाळ्यांचा कोटा ठरवून दिलेला असतो. तिथे सुस्थितीतील माणसाने थाळी घेतली, तर दुसऱ्या कोणाच्या वाट्याची थाळी आणि सरकारचे अनुदान तो खातो. ‘कष्टाची भाकर’मध्ये असे होत नाही. जेवणारा आपल्या जेवणाची पूर्ण किंमत देतो, त्यामुळे त्याच्या येण्याने कोणाचे काही कमी होत नाही. उलट विक्री वाढली की जागेचा आणि पगाराचा खर्च अधिक थाळ्यांवर विभागला जातो आणि सर्वांसाठीच दर आटोक्यात राहायला मदत होते. म्हणजे बँकेतला अधिकारी, प्राध्यापक किंवा संगणक अभियंता इथे जेवला, तर त्याने हमालाच्या जेवणाला आधार दिला, असा सरळ हिशोब आहे. दुसरी गोष्ट पैशात मोजता येत नाही. जिथे फक्त गरीब जेवतात, त्या जागेवर लवकरच तसा शिक्का बसतो. मग स्वाभिमानी माणूस तिकडे फिरकत नाही, आणि दर्जा घसरला तरी तक्रार करणारा कोणी उरत नाही. सर्व थरांतील माणसे एकाच पंगतीला असतील, तर आमटी पातळ झाल्याचे सांगणाराही कोणीतरी असतो.

स्वाभिमानाचा हा प्रश्न पुण्याला नवा नाही. एकेकाळी शिक्षणासाठी आलेली गरीब मुले इथे माधुकरी मागून किंवा वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, आणि ज्या दिवशी वार मिळाला नाही त्या दिवशी उपास. अनेक मोठी माणसे अशा जेवणावर वाढली आणि त्या घरांचे उपकार त्यांनी आयुष्यभर मानले. परंतु दुसऱ्याच्या ओसरीवर ताटाची वाट पाहताना काय वाटत होते, तेही त्यांनी सांगून ठेवले आहे. १९०९मध्ये अनाथ विद्यार्थी गृह या नावाने सुरू झालेल्या आजच्या पुणे विद्यार्थी गृहासारख्या संस्थांनी, आणि अच्युतराव आपटे यांनी १९५५मध्ये स्थापन केलेल्या विद्यार्थी साहाय्यक समितीने, मुलांच्या राहण्याजेवणाचा प्रश्न कोणाच्या ओसरीवर न नेता सोडवण्याची वाट दाखवली. आजही स्पर्धा परीक्षांसाठी मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुले सदाशिव पेठ आणि नवी पेठेतील खोल्यांमध्ये दाटीने राहतात. गावी पाऊस झाला नाही, की मेसचा एक वेळचा डबा बंद होतो आणि घरी ते कळवले जात नाही. अशा मुलाला फुकट जेवणाच्या रांगेत उभे करणे अवघड आहे. परवडेल अशा दरात, कोणतीही चौकशी न होता मिळणारी झुणका-भाकर त्याला सहज खाता येते.

आता जे इथे मिळत नाही त्याविषयी. वातानुकूलित जागा, निवांत गप्पांसाठी बैठक आणि लांबलचक मेनू यांची अपेक्षा ठेवून कोणी जाऊ नये. ही राबणाऱ्यांची खाणावळ आहे आणि तिचा वेग त्यांच्या जेवणाच्या सुट्टीनुसार ठरलेला आहे. खरी मर्यादा वेगळी आहे. ज्याच्या खिशात आज एकही रुपया नाही, त्याच्यासाठी ना नफा ना तोटा हा दरही दूरच आहे. रस्त्यावर राहणारा एकटा वृद्ध, काम सुटलेला मजूर, आजारी आई आणि तिची लहान मुले यांना भूक लागते तेव्हा विकत घेण्याचा पर्यायच नसतो. शिवाय शहर आता नाना पेठेपासून फार लांब पसरले आहे. वारज्यातील मजूर अड्ड्यावर सकाळी काम मिळेल या आशेने उभी राहणारी माणसे, हिंजवडी-वाघोलीकडच्या बांधकामांवर पत्र्याच्या खोल्यांतून राहणारी कुटुंबे, यांच्या दुपारच्या जेवणापर्यंत बाजारपेठेतले स्वयंपाकघर पोचणे कठीण आहे. तिथे दानाची आणि संघटित मदतीची गरज आहेच, आणि ती नीट व्हावी यासाठी थोडे सविस्तर लिहितो.

मध्यंतरी शहरातील एका संस्थेच्या धान्यवाटपाला मी उपस्थित होतो. तांदूळ, डाळ, तेल, मीठ-मिरची अशा पिशव्या पुलाखाली राहणाऱ्या कुटुंबांना दिल्या गेल्या. प्रत्येक पिशवीबरोबर छायाचित्र घेतले गेले. पिशवी घेणाऱ्याने कॅमेऱ्याकडे पाहावे असा आग्रह होता. त्यातील बऱ्याच जणांकडे चूल पेटवायला जागा नव्हती की इंधन नव्हते, आणि संध्याकाळपर्यंत काही पिशव्या जवळच्या दुकानात निम्म्या किमतीला गेल्या. देणाऱ्यांचा हेतू शुद्ध होता, याबद्दल मला शंका नाही. पण कोणाला शिजवलेले अन्न हवे आणि कोणाला कोरडा शिधा हवा, एवढे आधी विचारले असते, तर तोच पैसा दुपटीने उपयोगी पडला असता. ज्याचे घर आहे, चूल आहे, त्याला शिधा द्यावा. ज्याला छप्पर नाही त्याला शिजवलेले गरम अन्न द्यावे. आणि दोन्ही वेळी त्याचा चेहरा त्याच्याकडेच राहू द्यावा.

लग्नकार्यातील उरलेल्या अन्नाबाबतही असेच आहे. त्यासाठी २०१९मध्ये केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने स्वतंत्र नियम केले आहेत, आणि त्यांचा हेतू साधा आहे : दिले जाणारे अन्न खाण्यास सुरक्षित असावे. पंगत उठल्यानंतर तीन-चार तास तशीच पडलेली पनीरची भाजी दुसऱ्याच्या मुलाला देऊ नये. मंगल कार्यालयात मदत करायची असेल, तर जेवणाच्या आधीच संस्थेला कळवावे, अन्न वाढप सुरू होण्यापूर्वी वेगळे काढावे आणि ते गरम असतानाच पोचवावे. उरले तर देऊ, यापेक्षा पन्नास पाने जास्त धरून ती आधी पाठवू, असे यजमानाने ठरवले तर किती फरक पडतो.

शिध्याच्या बाबतीत आणखी एक काम आहे, ज्यात पैसा लागत नाही पण चिकाटी लागते. २०१३च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीला महिन्याला पाच किलो आणि अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो धान्य मिळण्याचा हक्क आहे, आणि जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. कार्ड दुसऱ्या जिल्ह्यातले किंवा दुसऱ्या राज्यातले असले, तरी पुण्यातील रेशन दुकानातून धान्य उचलता येते. हे अनेक स्थलांतरित मजुरांना माहीत नसते. कोणाचे आधार जोडलेले नसते, कोणाच्या बोटाचे ठसे सिमेंटच्या कामाने झिजून यंत्रावर उमटत नाहीत. सुशिक्षित माणसाने एका सकाळी अशा एका कुटुंबाबरोबर रेशन दुकानात आणि गरज पडल्यास परिमंडळ कार्यालयात, म्हणजे रेशनच्या विभागीय कचेरीत, जाऊन त्यांचे नाव चालू करून दिले, तर त्या कुटुंबाला वर्षभर धान्य मिळते. एका वेळच्या अन्नदानापेक्षा हे पुण्य मला मोठे वाटते.

पैसेच द्यायचे असतील तर पावती मागावी आणि संस्थेचा वार्षिक ताळेबंद पाहावा. चांगली संस्था तो आनंदाने दाखवते. ‘८० जी’ या नावाने ओळखली जाणारी देणगीवरील आयकर सवलत २००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला मिळत नाही, वस्तुरूपाने दिलेल्या दानाला मिळत नाही आणि नव्या करप्रणालीत तर ती नाहीच, एवढे ध्यानात ठेवले की मार्चअखेरीला मनस्ताप होत नाही. आणि जाता जाता एक सांगावेसे वाटते. दारावर कचरा घेणाऱ्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या महिलांचे महिन्याचे शुल्क वेळेवर देणे, घरकाम करणाऱ्या बाईंची भरपगारी रजा मान्य करणे, टेम्पोतून सामान उतरवणाऱ्या हमालाशी घासाघीस न करणे, ही सगळी कामे भुकेविरुद्धचीच आहेत. माणसाच्या हातात रास्त मजुरी पडली तर तो आपले जेवण आपण विकत घेतो, याच विश्वासावर ‘कष्टाची भाकर’ उभी आहे.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी थोडी व्यावहारिक माहिती. भवानी पेठ आणि मार्केट यार्ड या भागांत हा उपक्रम चालतो. शहरात इतरत्रही केंद्रे आहेत. सुटे पैसे जवळ ठेवावेत. भाकरी खाण्याची सवय नसेल, तर आधी एकच घ्यावी आणि लागली तर पुन्हा मागावी. पानात टाकलेले अन्न या जागेत विशेष खुपते. कार्यालयात किंवा सोसायटीत डागडुजीचे काम चालू असेल, तर तिथल्या मजुरांसाठी जेवण इथून नेता येईल का, याची केंद्रावर आगाऊ चौकशी करावी. आणि दुपारी बारा ते दोन ही बाजारातील हमालांची, तोलणारांची, टेम्पोचालकांची जेवणाची वेळ असते. त्यांची सुट्टी मोजकी असते, तेव्हा ज्यांना वेळेची सक्ती नाही त्यांनी त्याच्या थोडे आधी किंवा नंतर जावे, म्हणजे त्यांना बसायला जागा मिळेल आणि आपल्यालाही भाकरी निवांत खाता येईल.